काकांचा पट्टा आणि माझी कातडी

पीएचडीला 'कातडी' हा विषय घेतला असं मी गावी सांगितलं तेव्हा वडील नुकतेच डेअरीला दूध घालून आले होते. त्यांनी किटली ओट्यावर ठेवली, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "मग आता चपला शिवायच्या म्हण की." कोल्हापूर जिल्ह्यात कातडं म्हटल्यावर माणसाला आधी चप्पलच आठवणार, त्यात त्यांची काही चूक नव्हती.

"चपलेची न्हाई हो आबा, यंत्रमानवाची कातडी."

"त्याला कशाला? थंडी वाजती व्हय?"

राधानगरीच्या पावसात गोठ्यात उभं राहून मी त्यांना समजावलं. सगळेच यंत्रमानव लोखंडाचे नसतात. आमच्या प्रयोगशाळेत मऊ हात करतात. सिलिकॉन रबराची पोकळ बोटं, आत हवा सोडली की ती वाकतात आणि वस्तू धरतात. पण आपण काय धरलंय, किती जोरात धरलंय, हे त्या बोटांना कळत नाही. म्हणून त्यांच्यावर कातडी चढवायची. ओल्या पापडासारखी पातळ आणि कशीही वाकणारी. तिच्यात चुंबकाची बारीक पूड मिसळलेली असते आणि खाली एक चिमुकला सेन्सर. कातडी जरा दबली की चुंबकाचा जोर बदलतो, सेन्सरला ते कळतं आणि बोटाला समजतं, की आपण काहीतरी धरलंय, आता आवरतं घ्यावं.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हशीचं दूध काढंल का त्यो हात?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा विषयातला रस संपला.

कोल्हापुरात मी राजारामपुरीत मावशीकडं राहायला लागले. तिची मुलगी लग्न होऊन गेली होती, तिची खोली मला मिळाली. पुढच्या खोलीत मावशीचं शिवणकाम चालायचं, ब्लाउज आणि फॉल-पिको. मधल्या खोलीत काका असायचे. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर त्यांनी पाठदुखी धरली होती. एखाद्यानं दुसरी नोकरी धरावी तशी. वेळेवर सुरू व्हायची, जेवायला सुट्टी घ्यायची आणि पाहुणे आले की ओव्हरटाइम करायची. डॉक्टर झाले, तेल झालं, शेक झाला. दुपारभर काका आरामखुर्चीत पडून कण्हायचे आणि पुढच्या खोलीतून मावशी मशीनचा आवाज वाढवायची.

मग एक दिवस काका पट्टा घेऊन आले. एका हॉलमध्ये कुणीतरी पाहुणा मोफत उपीट-चहा देऊन पट्टे विकत होता. काळा, रुंद, कमरेला बांधायचा. आत म्हणे ओळीनं चुंबकं भरलेली. ती रक्ताला खेचतात आणि रक्त दुखण्याला बाहेर काढतं, असं काहीतरी शास्त्र होतं. विकणाऱ्यानं पथ्यंही सांगितली होती. पट्टा बांधून सकाळ-संध्याकाळ चालायचं, दुपारी आरामखुर्चीत पडायचं नाही, आणि मऊ गादी बंद. काकांनी ती पथ्यं सोवळ्यासारखी पाळली. महिन्याभरात पाठ बोलायची थांबली. काका सहकुटुंब जोतिबाला जाऊन सगळ्या पायऱ्या चढून आले आणि वर पोचल्यावर त्यांनी मावशीला हात दिला, उलटं नव्हे. मावशी हे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होती.

त्याच सुमारास आमच्या विभागात वायरिंगचं काम निघालं आणि मी कातडीचा एक तुकडा, सेन्सर आणि लॅपटॉप घरी घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. पडद्यावर एक रेघ सरळ जात होती. कातडीला बोट लावलं की रेघ उडी मारायची. या कातडीची एक खोड होती. बोट लागलं तरी रेघ उडायची आणि जवळपास बाहेरचं चुंबक आलं तरी उडायची. कुठली उडी बोटाची आणि कुठली चुंबकाची, हे तिला कळायचं नाही. त्या खोडीवर इलाज शोधणं हेच तेव्हा माझं काम होतं.

काका पट्टा बांधून समोर येऊन बसले.

"काका, जरा लांब बसता का? तुमच्या पट्ट्यानं माझं रीडिंग बिघडंल."

काकांना एवढं बरं वाटलं! "बिघडणार की. पॉवर हाय त्यात," असं म्हणून ते अभिमानानं खुर्ची मागं सरकवून बसले.

मी रेघेकडं बघितलं. काका मागं जाताना ती हलली नव्हती. मी तर रीडिंग बिघडंल म्हणून सांगून बसले होते, म्हणून आधी मला वाटलं, आपलंच काहीतरी बंद पडलंय. कातडीला बोट लावलं, रेघ उडाली. म्हणजे चालू होतं. मग मी म्हटलं, "काका, एकदा जवळ या की. किती बिघडतंय ते बघूया." काका आले. टेबलाला पोट लावून उभे राहिले. रेघ ढिम्म. मी पट्ट्याचं टोक उचलून जवळजवळ कातडीवर टेकवलं. रेघ रंकाळ्याच्या पाण्यासारखी शांत.

"काय म्हणतंय?" काकांनी विचारलं.

"लई म्हणतंय," मी म्हटलं आणि लॅपटॉप मिटला.

काका फिरायला गेल्यावर मी फ्रिजवरचं जोतिबाचं चित्र काढलं, ज्याच्या मागं पेपरमिंटच्या गोळीएवढं चुंबक होतं, आणि कातडीसमोर धरलं. रेघ पडद्याबाहेर गेली. म्हणजे काकांच्या अख्ख्या पट्ट्यात फ्रिजवरच्या चित्राएवढीही ताकद नव्हती.

मी मावशीला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मग तिला जे हसू आलं ते भाकरी करपेपर्यंत थांबलं नाही.

"सांगू नकोस त्यास्नी," ती डोळे पुसत म्हणाली. "रिटायर झाल्यापास्नं पहिल्यांदा ह्यांची पाठ गप हाय. मी कशाला बोलती करू?"

हे मला पटलं. ज्याची पाठ बरी, त्याला विज्ञान कशाला पाजायचं? विषय तिथंच मिटला असता. पण काका हे काका होते. एखादी गोष्ट आपल्याला लागू पडली म्हणजे ती अख्ख्या राजारामपुरीला लागू पडलीच पाहिजे, असं त्यांचं मत. सकाळी बागेत फिरणाऱ्या त्यांच्या टोळीत ते पट्ट्याचा प्रचार करू लागले. कुणाचा गुडघा, कुणाची मान, कुणाची सायटिका. काकांनी सगळ्यांना भरीला घातलं आणि त्या विकणाऱ्या पाहुण्याला थेट आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये बोलवायचं ठरवलं.

आता मावशीलाही ते बरं वाटेना. "ह्यांचं ह्यांच्यापुरतं ठीक हाय. ती बिचारी माणसं कशाला बुडवायची?"

"मग सांगूया का काकांना?"

"सांगून ऐकणारा माणूस हाय व्हय त्यो?" मावशीनं दातात धरलेला दोरा तोडला. "त्यापरीस असं करूया. पट्टा खोटा हाय म्हणून अडचण हाय न्हवं? मग खरा करूया."

"म्हणजे?"

"तू चुंबकं आण. मी उसवतो."

आमच्याकडं बायकाही 'मी उसवतो, मी शिवतो' असंच म्हणतात आणि मावशी तर बोलायच्या आधी ब्लेड हातात घेऊन बसली होती. या उपायातून त्या बिचाऱ्या माणसांचं काय भलं होणार होतं, हे मी तिला विचारायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर कल्पना इतकी झकास होती की विचारायचं सुचलंच नाही. टोळीतल्या कुणाच्या छातीत चुंबकानं बिघडणारं हृदयाचं यंत्र बसवलेलं नाही ना, एवढं मात्र मी गोड बोलून काकांकडून काढून घेतलं. मग बाजारातून निओडिमियम चुंबकाच्या चकत्या आणल्या. बटणाएवढ्या दिसतात, पण दोन एकमेकींना चिकटल्या तर नखानं सुटत नाहीत.

काका दुपारी पेन्शनरांच्या बैठकीला पट्टा न बांधता गेले होते. मावशीनं पट्ट्याची शिवण उसवली. आत काय होतं? प्लॅस्टिकच्या काळ्या टिकल्या. "ह्या तर माझ्या ब्लाउजच्या बटणापेक्षाबी हलक्या," ती म्हणाली. माझ्या चकत्यांनी मात्र टेबलावर धिंगाणा घातला. एक उडून कात्रीला चिकटली, दुसरीनं टाचण्यांची अख्खी डबी अंगावर ओढून घेतली आणि साळिंदर होऊन बसली. मावशीनं गोधडी शिवावी तसा प्रत्येक चकतीला वेगळा कप्पा केला, म्हणजे त्या एकमेकींकडं धावणार नाहीत. वरून शिवण अशी घातली की कंपनीनं बघितली असती तर तिला नोकरी दिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पट्टा बांधला आणि थबकले. "आज जरा जड लागतोय."

"मुरला असंल," मावशी गंभीरपणे म्हणाली. "लोणच्यागत."

काका विचारात पडले, मग त्यांना ते पटलं. मीही त्या दिवशी अचानक सकाळी फिरायला निघाले. काकांना भाचीचं कौतुक वाटलं.

बागेत टोळीचं एक ठरलेलं बाकडं होतं, लोखंडी पट्ट्यांचं. फेऱ्या झाल्यावर काका त्यावर टेकले. टेकले म्हणजे 'टक्' असा आवाज आला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग राजकारण झालं, उसाचं झालं, चहाला जायची वेळ झाली. सगळे उठले. काकाही उठले, पण कंबर बसूनच राहिली. त्यांनी पुन्हा जोर लावला. बाकडं आणि काका यांच्यात थोडा वेळ झोंबाझोंबी झाली. मग 'टक्, टक्, टक्' करत काका सुटले आणि समोरच्या गृहस्थांच्या अंगावर गेले. मी झाडामागं तोंडात ओढणी कोंबून उभी होते.

मला वाटलं, आता काका घाबरतील, पट्टा काढतील, आणि हे भलतंच काहीतरी आहे म्हणून प्रचार थांबवतील. झालं ते असं. काकांनी वळून बाकड्याकडं बघितलं. पुन्हा पाठ नेऊन हळूच टेकवली. टक्. चेहऱ्यावर असा आनंद पसरला की जणू पोटचा पोरगा कुस्ती मारून आला.

"बघितलासा?" ते गर्जले. "मी म्हणत न्हवतो? पॉवर!"

टोळीनं काकांना पुन:पुन्हा बाकड्याला चिकटवून बघितलं. मग बागेच्या फाटकाला लावलं. चहाच्या गाड्यावर लोखंडी झारा काकांच्या कमरेला लटकवून बघितला, तो लटकला. ज्यांना अजून शंका होती तेही विरघळले. घरी येताना काकांच्या खिशात सगळ्या टोळीची नावं होती.

मी मावशीला हे सांगितलं तेव्हा ती मशीनवर डोकं टेकून बसली. हसत होती की रडत होती, ते मला आधी कळलंच नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? तुझी ती कातडी घेऊन ये हॉलमध्ये," ती म्हणाली. "आपण घातलेला गुंता हाय, आपणच सोडवायला लागणार."

रविवारी हॉल भरला. विकणारा पाहुणा इस्त्रीच्या शर्टात होता, बोलणं गुळासारखं. त्यानं मणका, रक्त, पृथ्वीचं चुंबकत्व असं सगळं एका दमात सांगितलं. मग काका उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "नुसतं बोलून काय? दाखवतो की!" असं म्हणत ते भिंतीकडच्या लोखंडी कपाटाला पाठ लावून उभे राहिले. टक्. आणि दोन्ही हात सोडून, जरा पुढं झुकून दाखवलं.

टाळ्या पडल्या. मी मात्र त्या पाहुण्याचा चेहरा बघत होते. असा चेहरा मी पुन्हा कधी बघितला नाही. आपण विकलेल्या मालात काय आहे हे पक्कं ठाऊक असलेला माणूस, आणि समोर तोच माल कपाटाला चिकटलेला. तो काकांजवळ गेला. पट्टा चाचपला. हळूच म्हणाला, "पावणं, ह्यो कुठनं घेतलासा?"

"तुमच्याकडनंच की!"

"आमच्याकडनं?"

"मग काय आभाळातनं पडला?"

नेमकी हीच वेळ होती. मी पुढं होऊन म्हटलं, मी विद्यापीठात चुंबकी कातडीवर काम करते, चुंबक कुठं किती आहे ते हिला कळतं, तर सगळ्या पट्ट्यांची ताकद मोजून देते. मोठ्या पडद्यावर रेघ लावली. काकांचा पट्टा जवळ नेला, रेघ वर जाऊन दिसेनाशी झाली. पुन्हा टाळ्या. मग मी पाहुण्याच्या पेटीतला नवा कोरा पट्टा घेतला. रेघ सरळ. दुसरा घेतला. सरळ. तिसरा तर मी कातडीवर ठेवूनच दिला. रेघेनं जराशी मान वर केली, ती पट्ट्याच्या वजनानं.

काकांनी ते पट्टे एकेक करून कपाटाला लावले. एकेक करून ते खाली पडले.

मला वाटलं होतं काका माझ्याकडं वळतील. ते पाहुण्याकडं वळले. "म्हणजे मला एकट्याला चांगला दिलासा आणि माझ्या माणसांना भंगार?" त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. "माझ्या तोंडाकडं बघून ही माणसं आल्यात!"

काकांचा पट्टाही तसाच होता, हे पाहुणा सांगू शकत नव्हता. त्यानं पेटी उचलली आणि बाहेर जीप उभी होती तिकडं गेला. चहा-उपीट तेवढं मागं राहिलं, ते टोळीनं संपवलं.

घरी आल्यावर काका खुर्चीत बसले, पट्टा मांडीवर घेतला आणि चष्मा लावून शिवण बघू लागले. मावशी आत पळाली. मी पाणी प्यायला उठले.

"बस," काका म्हणाले.

मी बसले.

"हिची टीप मी वळखतो. माझ्या सगळ्या पायजम्यांना हाय."

आतून मावशीचं हसू फुटलं आणि मग काही लपवण्यात अर्थ राहिला नाही. मी सगळं सांगितलं. काकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि त्यानंच मला भीती वाटली. ते उठले, पट्टा खुंटीला अडकवला आणि आमच्याशी बोलणं बंद केलं. जेवायला यायचे, वाढा म्हणायचे नाहीत, ताट पुढं सरकवायचे. मावशी म्हणाली, पाठ बोलत होती तेव्हा बरं होतं.

काही दिवसांनी मी टेबलावर काम करत असताना ते समोर येऊन बसले.

"एक सांग. पयल्यांदा आत काहीच न्हवतं. मग पाठ कशानं बरी झाली?"

"चाललात की काका. रोज सकाळ-संध्याकाळ. दुपारचं लोळणं सोडलंसा, गादी सोडलीसा."

एखाद्या चोरानं जाताना घराचं दार नीट लावून जावं, तसं काहीतरी काकांना वाटत असावं. शिव्या द्याव्यात की नमस्कार करावा, कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "माणूस लबाड होता, पण पथ्य बरोबर सांगितलं बघ." आणि फिरायला गेले, पट्ट्याशिवाय. टोळीतल्या लोकांना त्यांनी स्वतःच खरं काय ते सांगितलं. ते लोक पुढं कितीतरी दिवस त्यांना बाकड्याला चिकटवायला बघत होते.

या सगळ्यात माझा एक फायदा झाला. पट्टा जवळ आला की माझी कातडी कशी फसते हे इतक्या वेळा बघितल्यावर मी मॅडमना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, म्हटलं, की एकाऐवजी दोन सेन्सर लावले तर? एक कातडीला लागून, दुसरा जरा खाली. बोट लागलं तर वरच्याला जास्त कळेल. बाहेरचं चुंबक आलं तर दोघांनाही जवळपास सारखंच कळेल, ते वजा करायचं. मॅडमनी विचारलं, हे कसं सुचलं. मी म्हटलं, घरी एक प्रयोग केला. तपशील सांगितला नाही. करायला वेळ लागला, पहिले कितीतरी तुकडे फसले, पण शेवटी ती खोड गेली.

तो मऊ हात चालायला लागल्यावर मी काकांना आणि मावशीला प्रयोगशाळेत घेऊन गेले. मावशीनं आधी कातडीची कड चिमटीत धरून बघितली आणि म्हणाली, "टीप मारली तर फाटंल ही." काका मात्र हातासमोर जाऊन उभे राहिले. मी हवा सोडली. पांढरट बोटं हळूहळू वाकली आणि त्यांच्या पंजाभोवती आली, घट्ट होत गेली आणि आपणहून थांबली. काकांनी मुद्दाम जोरानं दाबलं. बोटांनीही थोडं दाबलं. काकांनी आणखी जोर केला. पडद्यावरची रेघ चढत होती आणि मॅडम मागून घाईघाईनं "अहो काका, अहो काका" म्हणत होत्या.

शेवटी काकांनी हात सोडवून घेतला, पंजा झटकला आणि त्या रबरी बोटांकडं आदरानं बघितलं.

"थंड हाय," ते म्हणाले. "पण माणूस बरा हाय."

मग त्यांनी पिशवीतून टोमॅटो काढला, त्या बोटांपुढं धरला आणि मॅडमना विचारलं, हा फुटला तर चालेल ना, कारण घरी अजून आहेत.